पावागडाच्या पायथ्याचे चांपानेर

श्री सिद्धक्षेत्र पावागडाच्या वंदनेस निघालेले आपले यात्रेकरू बहुधा बडोद्याहून येतात आणि थेट डोंगराची वाट धरतात. श्रीरामपुत्र लव व कुश यांच्यासह पाच कोटी मुनींची ही निर्वाणभूमी, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा असल्याने मन शिखराकडेच धावते. तथापि पायथ्याशी विखुरलेले चांपानेर हे उजाड नगरही थांबून पाहण्याजोगे आहे.

गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीर्घ वेढ्यानंतर १४८४ मध्ये खीची चौहानांकडून हा गड जिंकला व पायथ्याशी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनने ती काबीज केली. राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली आणि अवघ्या पन्नास वर्षांचे वैभव रानात बुडाले.

येथील जामी मशीद बऱ्याच अंशी शाबूत आहे; केवडा मशिदीचा मधला घुमट मात्र नाहीसा झाला आहे. आत उभे राहिल्यास डोक्यावर आकाश दिसते. समोरच्या दोन मिनारांवरील कोरीवकाम अद्याप टवटवीत आहे. गुजरातच्या मशिदींत स्तंभांवर तुळया टाकून त्यांवर घुमट पेलण्याची जी रीत दिसते, ती आपल्या मंदिरांच्या रंगमंडपातून ओळखीची आहे. मिनारांच्या तळाशी मंदिराप्रमाणेच थरांवर थर आणि मधूनमधून कोनाडे आहेत. मंदिरात अशा कोनाड्यांत यक्ष-यक्षी विराजमान असतात. इस्लामी उपासनास्थळी सजीवाकृती वर्ज्य. म्हणून शिल्पकाराने तेथे वेली, फुले यांची नाजूक नक्षी कोरली. धनी बदलला, विषय बदलला. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब तेच राहिले.

हे नगर युद्धातील विजयावर उभे राहिले, हे विसरता येत नाही, विसरूही नये. परंतु तेवढेच सांगून थांबलो, तर दगड घडविणाऱ्या हातांवर अन्याय होईल. वस्तूचे अनेक धर्म एकाच वेळी सत्य असतात, असे शिकविणाऱ्या अनेकान्ताच्या उपासकांना हे दोन्ही पाहणे अवघड वाटू नये.

२००४ पासून चांपानेर-पावागड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वंदना करून उतरल्यावर तास-दोन तास येथे अवश्य द्यावेत. मुलांना सोबत न्यावे, कोनाडे दाखवावेत आणि भिंतीवर नाव कोरण्याचा मोह कोणी करू नये, हेही तेथेच समजावून सांगावे.