कुंभार्ली घाटांतील हळद

सह्याद्रीच्या पाठीवरून कोंकणांत उतरणाऱ्या ज्या अनेक वाटा आहेत, त्यांत कुंभार्ली घाटाची वाट आम्हांस विशेष प्रिय आहे. चिपळूण सोडलें कीं वाशिष्ठीचें खोरें हळूहळू मागें पडतें, पोफळी येते, आणि तेथून रस्ता वळणें घेत घेत समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीवर चढतो. माथ्यावर हेळवाक, लगेच कोयनानगर, पुढें पाटण आणि शेवटीं कऱ्हाड. गुहागराहून विजापुराकडे जाणारा हा जुना हमरस्ता होय. कोंकणांतील माहेरवाशिणी, देशावरचे बिऱ्हाडकरू आणि कुलदैवताच्या दर्शनास निघालेलीं कुटुंबें यांची ये-जा येथें बाराही महिने चालू असते.

या प्रदेशांतील पाण्याची कथा मोठी विलक्षण आहे. कोयना नदी महाबळेश्वरास उगम पावून दक्षिणेस वाहत येते, हेळवाकाजवळ एकाएकीं पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. त्या स्थळास लोक प्रीतिसंगम म्हणतात. परंतु धरण झाल्यापासून तिच्या पाण्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरतो, भूगर्भांतील विद्युद्गृहाचीं चक्रें फिरवितो, आणि वाशिष्ठींत मिसळून अरबी समुद्रास जातो. एकाच नदीचें पाणी दोन समुद्रांस जातें तें असें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच परिसरास भूकंपाचा भयंकर धक्का बसला. त्या रात्रीच्या आठवणी सांगणारीं वृद्ध माणसें कोयनाकांठच्या गांवांत अद्यापि भेटतात.

ज्या घाटाच्या पोटांतून एवढें पाणी धांवतें, त्याच घाटाच्या वळणावर उन्हाळ्यांत तांब्याभर पाण्यास किती किंमत येते, हें आम्हांस १९९६ च्या मे महिन्यांत समजलें. गुहागरास व्याडेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही कऱ्हाडास परतत होतों. गाडी आमच्या मामेबंधूंची, जुन्या घडणीची आणि बऱ्याच वयाची होती. तेच ती चालवीत होते. मागें आमच्या मातोश्री, आमचें कुटुंब आणि आंब्यांच्या दोन करंड्या होत्या. घरीं आमच्या आत्याबाई वर्षभर अंथरुणास खिळलेल्या होत्या. शेजारच्या वहिनींनीं दिवेलागणीपर्यंत त्यांच्यापाशीं बसण्याचें कबूल केलें होतें, म्हणून वेळेवर पोंचण्याची निकड होती. खिशांत दूरध्वनि बाळगण्याचे ते दिवस नव्हते.

दुपारीं चारच्या सुमारास, घाट अर्ध्याहून अधिक चढल्यावर, इंजिनानें दोनदां उसासे टाकले आणि तें बंद पडलें. बंधूंनीं गाडी डोंगराच्या अंगास घेतली, आम्हीं मागच्या चाकास धोंडा लावला. झांकण उघडतांच भट्टीचें तोंड उघडावें तशी धग अंगावर आली. "पेट्रोल उकळलें," बंधु म्हणाले. त्यांचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनासच बसविलेला असे. इंजिन फार तापलें म्हणजे नळींतल्या नळींतच पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ढकलूं शकतो, वाफ त्याच्यानें ढकलवत नाहीं, आणि टांकी भरलेली असूनही इंजिन उपाशीं राहतें. यावरचा उपाय सर्व मोटारवाल्यांस ठाऊक होता. बंधूंनीं आमचा पंचा भिजवून पंपाभोंवतीं गुंडाळला. अर्ध्या घटकेनें इंजिन चालू झालें, पण दोन वळणें चढतांच पुनः थांबलें. पिण्याचें पाणी त्या पंच्यावरच संपत चाललें. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांची दृष्टि वारंवार उतरत्या उन्हाकडे जात होती.

इतक्यांत जांभ्याचे चिरे भरलेला एक मालट्रक कण्हत कण्हत वर आला आणि पुढें जाऊन थांबला. चालक पन्नाशीचा, कऱ्हाडाकडचाच दिसला. त्यानें प्रथम आमच्या धोंड्याशेजारीं आणखी एक धोंडा लावला, मग गाडीखालीं वांकून पाहिलें, बोटानें जमीन चांचपली आणि बोट नाकाशीं नेलें.

"दादा, प्येट्रोलला दम लागलाय ह्ये खरं," तो बंधूंस म्हणाला, "पर दम कशापायी लागला, त्ये बघा की आधी. पानी गळतंय तुमचं."

रोगाचें लक्षण आणि रोगाचें मूळ यांतील भेद वैद्यकांत प्रथम शिकवितात. त्या माणसानें तो एका वाक्यांत सांगितला. इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी ज्या जाळींत येऊन निवतें, त्या रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीस भेग गेली होती, आणि जाळीच्या एका बारीक नळींतून थेंब थेंब पाझर चालू होता. पाणी कमी झाल्यामुळें इंजिन तापलें, इंजिन तापल्यामुळें पेट्रोलची वाफ झाली. आम्ही कार्यावर ओला पंचा घालीत होतों, आणि कारण खालीं मातींत ठिबकत होतें.

बंधु रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेणार, तोंच त्यानें त्यांचें मनगट धरलें. आंतील पाणी दाबाखालीं असतें. दाब वाढला कीं पाणी शंभर अंशांवर न उकळतां त्याहून अधिक तापतें, हें स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरानें गृहिणींस शिकविलेंच आहे. टोपण एकदम काढलें तर तोच दाब उकळतें पाणी तोंडावर फेंकतो. त्याचप्रमाणें तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतलें तर बिडाचें लोखंड तडकण्याचें भय असतें. अर्धा तास आम्ही सर्वजण करवंदीच्या जाळीच्या सांवलींत बसून राहिलों. त्या घाईंत हा अर्धा तास बसविणें हेंच त्याच्या कारागिरींतलें अवघड काम होतें.

मग त्यानें ट्रकमधून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली. नळी पुसून कोरडी केली, आणि पट्टी ताणून ताणून, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढेल अशा रीतीनें गुंडाळून दोहों टोंकांस तारेनें आंवळली. भेग बुजली. राहिला जाळींतला पाझर. तो मातोश्रींकडे वळला.

"आई, हळद हाय का?"

मातोश्रींस वाटलें, त्याच्या हातास कांहीं लागलें. त्यांनीं लगबगीनें गांठोडें सोडलें. त्यांत माहेरच्या भावजयीनें दिलेली, परसांत पिकवून घरींच कुटलेली पावशेर हळद होती. ती इंजिनांत घालावयाची आहे असें ऐकल्यावर त्या क्षणभर थबकल्या, आणि पुडी त्याच्या हातांत देऊन म्हणाल्या, "घ्या बाबा, माणसाची जखम भरते तशी हिची भरली तर भरो."

तीन चमचे हळद पेलाभर पाण्यांत कालवून त्यानें वरून ओतली, आपल्या डब्यांतील पाण्यानें जाळी भरली आणि इंजिन चालू करविलें. थेंब पिवळे झाले, मग सावकाश झाले, मग थांबले. यांत मंत्रतंत्र कांहीं नाहीं. हळदीची बारीक भुकटी पाण्याबरोबर फिरतां फिरतां जेथें पाणी बाहेर पडतें तेथें ओढली जाते, फुगते आणि छिद्रांत अडकून बसते. अर्थात् जी भुकटी छिद्र बुजविते, तीच चांगल्या नळ्याही कोंडूं शकते. म्हणून घरीं पोंचल्यावर जाळी धुऊन, डाख लावून घेण्यास त्यानें दोनदां बजावलें. टोपणही त्यानें पुरतें न आंवळतां पहिल्याच खांचेवर ठेविलें, म्हणजे आंत दाब चढून नवें ठिगळ सुटूं नये.

पैसे त्यानें घेतले नाहींत. मातोश्रींनीं करंडींतील सहा आंबे पुढें केले, ते मात्र कपाळास लावून घेतले. हेळवाकपर्यंत तो आपला ट्रक आमच्या पुढें मुद्दाम धिम्या गतीनें हांकीत राहिला. तेथें पुनः पाणी भरून त्यानें आम्हांस पुढें काढून दिलें. पाटण दिवेलागणीस आलें, कऱ्हाड रात्रीं नवास. शेजारच्या वहिनी अद्यापि आत्याबाईंच्या उशाशीं बसून होत्या, त्यांनीं मऊ भात भरवून त्यांना निजविलें होतें. त्या माणसाचें नांव विचारण्याचें त्या गडबडींत राहून गेलें, पण मातोश्री असेपर्यंत घरांत हळद कुटली कीं त्याची आठवण निघेच.

संस्कृतांत युक्ति हा शब्द युज् धातूपासून झाला आहे, आणि युज् म्हणजे जोडणें. जवळ जें आहे तें, जें तुटलें आहे त्याच्याशीं जोडून देणें, हीच युक्ति. ही विद्या मोटारीइतकीच जुनी आहे. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनीं इ. स. १८८८ च्या आगस्टांत, पतीस न सांगतां, ऑयगेन व रिखार्ट या दोन मुलांसह जर्मनींतील मानहाइमहून फोर्ट्‌सहाइम येथें तीनचाकी मोटार नेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. आमच्या भगिनीवाचकांस सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, फोर्ट्‌सहाइम हें त्यांचें माहेर होतें. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें तेथें पायमोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलें तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधविक्रेत्याकडून लिग्रोइन नांवाचें द्रव घेतलें. गतिरोधकाचें लाकूड झिजलें तेव्हां चांभाराकडून त्यावर चामडें ठोकून घेतलें, आणि चढावर मुलांनीं गाडी ढकलली. त्या गाडीचें इंजिनही पाण्याची वाफ होऊनच निवत असे, म्हणून वाटेंत पुनः पुनः पाणी भरावें लागे. जगांतील पहिला दूरचा मोटारप्रवास असा टांचणी, पायबंद, चामडें आणि पाणी यांवर तडीस गेला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांत युएन्दुमू येथील वार्ल्पिरी लोकांच्या अशाच युक्त्यांवर २००१ साली एक चित्रमालिका निघाली. तींत फुटलेल्या चाकांत रानगवत ठांसून गाडी पुढें नेतात.

आमच्याकडील चालकांजवळही असा साठा मोठा होता. पेट्रोलची टांकी पाझरूं लागली तर कपडे धुण्याचा साबण मळून छिद्रास लावीत. पंख्याचा पट्टा तुटला तर दोरी किंवा पिळलेला कपडा बांधून गांव गांठीत. या युक्त्या ज्या गाड्यांवर वाढल्या त्या गाड्या आतां रस्त्यांवरून जवळजवळ गेल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. नव्या गाड्यांत इंधन दाबानें फवारलें जातें, पंप बहुधा टांकींतच बुडालेला असतो, आणि दोष शोधण्यास संगणक जोडावा लागतो. तरुण मंडळी म्हणतात कीं या गाड्या मुळांत बंदच फारशा पडत नाहींत, आणि तें खरें आहे. तरीही इंजिन निवविणारें द्रव अद्यापि रबरी नळ्यांतूनच फिरतें, नळी आजही फाटते, आणि उष्णतेचा कांटा चढूं लागला तर थांबणें, निवूं देणें, टोपणास हात न लावणें हे तीन नियम १९९६ सालीं होते तसेच आज आहेत.

म्हणून घाटांत जाणाऱ्यांनीं पाण्याचा एक डबा, थोडी तार, रबराची पट्टी, विजेरी आणि धोक्याची सूचना देणारा त्रिकोण जवळ ठेवावा. गाडी बंद पडल्यास ती डोंगराच्या अंगास घ्यावी, दरीच्या अंगास नव्हे. मुलांस व वृद्धांस गाडींतून उतरवून कठड्याच्या आंत बसवावें. आणि चाकामागें लावलेले धोंडे निघतेवेळीं आठवणीनें उचलून कडेस ठेवावे. आपण सुखरूप घरीं पोंचतों, पण रस्त्यांत राहिलेला धोंडा रात्रीं येणाऱ्या दुचाकीस्वाराचा घात करतो. त्या चालकानें हेळवाककडे निघण्यापूर्वीं आमचा आणि आपला, असे दोन्ही धोंडे उचलून कडेच्या गटाराबाहेर नेऊन ठेविले होते, आणि मगच तो आपल्या ट्रकांत चढला होता.