माथेरान, पण मे महिन्यात नको

मे महिना. पनवेलचा घाम, दमट वारा, आणि घरात एकच विषय: माथेरानला कधी जायचे? शनिवार-रविवारी तर नकोच. माथेरानात मोटारींना बंदी, त्यामुळे नेरळच्या घाटातून आलेली प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

१८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढला. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे आली. येणारे वाढत गेले; डोंगरमाथा मात्र आहे तेवढाच आहे. तिथल्या शार्लोट तलावाच्या पाण्यालाही मर्यादा आहे, आणि आपण सगळे नेमके त्याच्या टंचाईच्या दिवसांत पाहुणे होऊन जातो. हे मनाला लागते.

पनवेलकरावर तर या डोंगराचे ऋण अधिकच. गाढी नदी त्याच्याच उतारावरून येते, देहरंगच्या धरणात अडते आणि आपल्या नळांना पाणी देते. त्याच बाजूने, धोदाणी गावातून, सनसेट पॉइंटकडे जुनी पायवाट चढते. समोर प्रबळगड दिसतो. आदिवासी वाड्यांतली माणसे ही वाट रोज तुडवतात.

मी ठरवले आहे: पावसाळा सरल्यावर, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, उजाडताच धोदाणीहून चढायचे. तेव्हा झरे वाहते असतात, माती ओली असते, हवाही गार. उन्हाळ्यात डोंगराला थोडी उसंत देणे, हेही त्याच्यावरचे प्रेमच आहे.