घाटाखालची पेठ

हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते. तिथून अरबी समुद्र पक्ष्याच्या वाटेनं जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, आजऱ्यावरून आमच्या गडहिंग्लजला येते, पुढं घटप्रभेला मिळते आणि कृष्णेच्या संगतीनं पार बंगालच्या उपसागराला जाते. गावातली माणसं मात्र नदीच्या उलट चालतात. मासे खायचे असोत, चार जिन्नस आणायचे असोत की नुसतंच हिंडायचं असो, गाडी आजऱ्याच्या दिशेनं वळते, आंबोलीचा घाट उतरते आणि सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला टेकते. कोल्हापूर जवळ आहे, पण ते कामाचं गाव. कोर्टकचेरी, मोठा दवाखाना, पोरांची ॲडमिशन. मन मोकळं करायला बंदरच लागतं.

बंदर म्हणायचं ते जुन्या सवयीनं. सतराव्या शतकात डचांनी इथं वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. 1812 साली वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीकडे जाणारे गोरे शिपाई इथं उतरायचे, धारवाडकडचा कापूस इथून गलबतांत चढायचा. आंबोलीचा घाट बांधून काढला तोही या वाहतुकीसाठीच. मग 1880 च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि कापूस तिकडं वळला. वेंगुर्ल्याचा मोठा व्यापार त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही. पुढं मुंबईच्या आगबोटी येत राहिल्या, चाकरमानी चढत-उतरत राहिले, तेही थांबलं. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली, पण तिनंही गावाला वळसा घातला.

एवढं सगळं जाऊनही पेठ उरली, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. गोऱ्यांचा कापूस हा वरवरचा धंदा होता. त्याच्या खालून घाटावरची नि घाटाखालची देवघेव चालायची, ती स्वयंपाकघरांची होती आणि तिला रेल्वेची गरज नव्हती. इकडून मिरची, गूळ, शेंगा, धान्य. तिकडून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी. ती आजही चालू आहे, बैलगाड्यांऐवजी टेम्पोतून.

आमच्या मार्केट यार्डात थंडीत जवारी मिरचीचे सौदे सुरू होतात. हीच संकेश्वरी, लांब, बारीक, सुरकुतलेली आणि जहाल. यार्डाच्या फाटकातच ठसका लागतो. आम्ही ती कांदा-लसूण घालून डंकावर कांडतो आणि तिला चटणी म्हणतो. खाली तीच मिरची रंगाच्या ब्याडगीबरोबर, धणे-बडीशेप-लवंगांसोबत भाजून मालवणी मसाल्यात जाते. म्हणून वेंगुर्ल्याच्या खाणावळीत बांगड्याचं तिखलं पुढ्यात आलं की आम्हाला ते परकं लागत नाही. घाम ओळखीचा असतो. अनोळखी असतं ते तिरफळ. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी प्यावी. आमच्याकडचे लोक ती ताकासारखी आधीच संपवतात आणि मग भातावर काय घ्यायचं म्हणून इकडंतिकडं बघत बसतात.

न्याहारीला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मिळाली तर दुसरं काही मागू नये. पर्यटकांसाठी सजवलेल्या हॉटेलांत पनीर मिळतं. ते गडहिंग्लजलाही मिळतं.

खरेदीला इथलं क्रॉफर्ड मार्केट. नाव मुंबईचं, घाई मुंबईची नाही. कोकमं, आगळ, काजूगर, फणसपोळी, हंगामात हापूस. काजू घेताना तो कुठला हे विचारावं. इथल्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती कोकणात सगळीकडे लागल्या आहेत, पण दुकानातला प्रत्येक काजू तिथलाच असतो असं नाही. सुक्या मासळीपाशी मात्र मी भाव करत नाही. टोपलीपाशी बसलेल्या मावशी बोलण्यावरूनच ओळखतात.

“खंयसून इलात?”

“गडहिंग्लजहून, मावशी.”

“मगे मिरची आणलात काय?”

आणली असती तर रोकड्याची गरज पडली नसती असं वाटतं. रविवारी आमच्या आठवडी बाजारात सुकटीचे ढीग लागतात, तरी इथून घेतलेली सुकट वेगळी असा आमच्या घरात ठाम समज आहे. तो तपासून पाहायची कुणाची तयारी नाही. खाज्याचंही तेच. बेसनाच्या त्या काड्यांवर चढवलेला आल्याचा गूळ बहुधा आमच्याच बाजूच्या गुऱ्हाळातून उतरलेला असतो. आम्ही तो जादा पैसे मोजून परत वर चढवतो.

जून-जुलैत जाऊ नये. मासेमारी बंद असते आणि आंबोलीच्या धुक्यात धबधब्याखाली नाचणाऱ्यांच्या गाड्यांनी घाट तुंबतो. कार्तिकानंतर जावं, जत्रा सुरू झाल्यावर. संध्याकाळी जेटीवर, दीपगृहाच्या टेकडीवर सगळेच जातात. सूर्य बुडतो, फोटो निघतात, माणसं पांगतात. वेंगुर्ल्याची खरी रात्र त्यानंतर, एखाद्या देवळापुढं दशावताराची पेटी आणि मृदंग लागले की उभी राहते. तिकीट नाही, लिहिलेली संहिता नाही. नट संवाद जागेवर रचतात, साडीतले पुरुष रडतात आणि समोरच्या बायका खरोखर डोळे पुसतात. आम्ही तमाशाच्या आणि भजनी मंडळांच्या मुलखातले. देवाच्या तोंडी गावातल्या रस्त्यातले खड्डे आलेले ऐकून पहिल्यांदा दचकायला होतं, मग सगळ्यांत मोठ्यानं आपणच हसतो. नाटक उजाडेपर्यंत चालतं. तोवर मुक्कामाची खोली घेण्यात अर्थ उरलेला नसतो. त्यापेक्षा मंडपाबाहेर चहा घ्यावा आणि मासळी बाजार उघडायची वाट पाहावी. ताजे बांगडे बर्फात घालून निघालं की जेवणाच्या वेळेला गडहिंग्लज गाठता येतं, आणि चटणी घरात असतेच.