निळ्याचा काठ

१४ एप्रिलच्या कमानीला निळा नको, असं कुठल्या तोंडाने सांगणार? बाबासाहेबांच्या जयंतीला निळाच लागतो, भरपूर लागतो, आणि नंदुरबार-शहाद्याच्या वस्त्यांतून तो मी वर्षानुवर्षं आनंदाने लावत आलो. अडचण रंगाची नाही, 'जय भीम' या अक्षरांची आहे. कमानीखाली उभं राहिलं तर एकेक एलईडी मोजून घ्या. चौकाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की ओल्या कागदावर शाई फुटावी तशी अक्षरं फुटतात. 'भ'ची गाठ भरून जाते, शिरोरेषेतली फट बुजते आणि उरतो 'म'. त्याच सांगाड्यावर मंडळाचं नाव लाल माळेत असतं, ते मात्र तिथूनही काना-मात्रेसकट वाचता येतं.

धंद्यातल्या चार जणांना विचारा, चार कारणं मिळतील. एक म्हणतो व्होल्टेज पडतं. पडलं तर माळ मंद होईल, तिचा काठ कसा पसरेल? दुसरा म्हणतो चायना चिप. भारीतली लावून बघितली, ती उजेडाला जास्त म्हणून पसरायलाही जास्त. तिसरा हवेतल्या धुळीवर ढकलतो. चौथा शाळेत शिकलेला असतो. आकाश निळं का दिसतं ते सांगून तो म्हणतो, हवा निळा उजेड विखुरते. विखुरते, पण त्यासाठी मैलोगणती हवा लागते, चौकाएवढी हवा पुरत नाही. आणि या चौघांचंही तोंड बंद करणारी गोष्ट प्रत्येकाच्या खिशात आहे. कार्यकर्ते मोबाइलवर फोटो काढतात आणि मलाच दाखवतात, "आप्पा, फोटोत तर साफ वाचता येतंय!" येणारच. कॅमेऱ्याच्या भिंगात सगळे रंग एका ठिकाणी आणायची सोय केलेली असते. आपल्या डोळ्यात ती नसते.

हे मला कळलं ते उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूमुळे. ऑपरेशनआधी मी मनातून खूश होतो. म्हटलं, फुटतंय ते माझ्या डोळ्यातच, भिंग बदललं की निळा सरळ होईल. पट्टी निघाली आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल तर निळा. पिवळट पडलेलं जुनं भिंग इतकी वर्षं निळा गिळत बसलं होतं. डावा डोळा झाकला की माझ्याच दुकानातली माळ गडद, भरजरी दिसायची, उजवा झाकला की तीच माळ धुऊन विटलेली. मग रात्री चौकात गेलो. दिव्यांभोवतीची चमक गेली होती, लाल आणि पिवळा कातरल्यासारखे दिसत होते. निळा मात्र तसाच फुटलेला, उलट जास्त झगझगीत होऊन फुटलेला.

पुढच्या तपासणीला चष्म्याचा नंबर काढणाऱ्या मुलीने लाल-हिरवी पाटी लावली आणि नेहमीचा प्रश्न विचारला : अक्षरं लालवर जास्त काळी दिसतात की हिरव्यावर? मी उलट विचारलं, यात निळी पाटी का नाही? ती हसली आणि गर्दी असूनही तिने समजावून सांगितलं. डोळ्याचं भिंग प्रत्येक रंगाला सारखं वळवत नाही, निळ्याला सगळ्यात जास्त वळवतं. डोळा आपली नजर पिवळ्या-हिरव्यावर बसवतो, आणि तेव्हा निळा पडद्याच्या अलीकडेच जुळून जातो. किती अलीकडे? चष्म्याच्या भाषेत जवळजवळ एक नंबर. म्हणजे चांगल्या नजरेचा माणूसही निळ्यापुरता उणे एक नंबरवाला असतो. लाल पडद्याच्या मागे पडतो, पण थोडाच, आणि तरुण डोळा ताण देऊन त्याला पुढे ओढतो. अलीकडे पडलेल्या निळ्याला मागे ढकलायला डोळ्याकडे काही नाही, कारण दूर बघताना तो आधीच पूर्ण सैल झालेला असतो. जवळच्या वस्तूची जुळणी आपोआप मागे सरकते, म्हणून हातातली निळी माळ रेखीव दिसते.

घरी येऊन हिशेब मांडला. रात्री बाहुली मोठी होते. ती ५ मिलिमीटर उघडली आणि चूक एक नंबरची धरली, तर १० मीटरवर निळ्याचा ठिपका चार-पाच सेंटिमीटर पसरतो आणि १०० मीटरवर अर्धा मीटर. माझ्या 'भ'ची गाठ असते वीतभर. ती अर्ध्या मीटरच्या डागात कशी टिकावी? त्यात पडद्यावर निळा टिपणाऱ्या पेशी मुळातच थोड्या, रंग टिपणाऱ्या शंभर पेशींत पाच-सात, आणि जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण त्या मधोमधच्या ठिपक्यात तर एकही नाही. निळ्याने अक्षर लिहायचं म्हणजे जो भाग वाचण्यासाठी आहे त्यालाच वगळून लिहायचं.

तरी एक गाठ सुटत नव्हती. माझ्याकडे माळा सोडवणारा तळोद्याकडचा पोरगा आहे. त्याला मी चौकाच्या टोकाला उभं करायचो आणि तो दर वेळी ओरडायचा, "आप्पा, माले ते साफ दिखस!" खुशामत करतो असं वाटायचं. मग एकदा टेस्टरवरची बारीक अक्षरं वाचताना त्याला कपाळ चोळताना पाहिलं आणि डोळे तपासायला पाठवलं. निघाला अधिक एक नंबर. लांबचं बघायलासुद्धा ज्याला सारखा ताण द्यावा लागतो, त्याचा डोळा सैल सुटला की नेमका निळ्यावर बसतो. माझ्या सगळ्या माणसांत निळा वाचू शकणारा तेवढा एकच होता आणि आम्ही त्यालाच चष्मा लावला. आता त्यालाही फुटलेलं दिसतं. याचं मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

जुन्या बल्बांच्या काळात ही भानगड एवढी कधी जाणवली नाही. निळा रंग दिलेला बल्ब काय किंवा हॅलोजनपुढे लावलेला जिलेटीन कागद काय, निळ्यासोबत थोडा लाल, थोडा हिरवा गळायचाच. आम्ही त्याला कच्चा निळा म्हणून नाकं मुरडायचो, पण त्या गळक्या उजेडावर डोळ्याला पकडायला काठ मिळायचा. जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ साली प्रखर निळा एलईडी करून दाखवला. अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत त्यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच आहे, कारण आज घरोघरचा पांढरा एलईडीही बहुतेक निळ्या चिपवर पिवळा लेप देऊनच होतो. पण या चिपचा निळा फक्त निळाच असतो. नजरेला टेकायला त्यात दुसरं काही नाही.

आता ट्रक भरून पिक्सेल पॅनेल घेऊन बाहेरून लोक येतात. रिमोट दाबला की मोर, रिमोट दाबला की गणपती, आणि तीन सेकंदांवर काहीच टिकत नाही. त्यांच्या निळ्या पाट्याही वाचता येत नाहीत, पण त्या इतक्या भराभर बदलतात की न वाचता आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. लेझरवाल्यांबद्दल तर बोलूच नये. २०२३च्या विसर्जनानंतर नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा भाजलेली तरुण पोरं आली होती. यांना उजेड म्हणजे फक्त जोर वाटतो. एका पॅनेलवाल्याने मला गोडीत विचारलं, तुमचं 'जय भीम' लांबून कसं वाचता येतं? मी म्हटलं, हाताचा गुण. एवढंच सांगितलं.

हाताचा गुण वगैरे काही नाही. अक्षरं मी आता पिवळसर पांढऱ्या माळेत काढतो आणि मागे निळा अंथरतो, दिवे न दाखवता, पडद्यावर आतून टाकून. निळा पसरतो तर पसरू द्यावा, तो पसरण्यासाठीच आहे. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तापीच्या पुलावरून निळे आकाशपाळणे काठ नसलेले दिसतात, आणि मला ते तसेच आवडतात. आकाशपाळणा कुणाला वाचायचा नसतो. तिथल्या घोडेबाजारातून परतणारी माणसं माझ्या कमानीपाशी थांबून वर बघतात, तेव्हा मी मफलर ओढून त्यांच्यातच उभा राहतो, कोण काय म्हणतं ते ऐकत. नाव कुणी घेत नाही. तरी उभा राहतो.

एप्रिलची ऑर्डर देणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. कमानीची लांबी-रुंदी सांगता, तसं ती किती लांबून वाचायची तेही सांगत जा, आणि पसंती माझ्या दुकानात दिवसा न करता रात्री, त्या टोकाला उभं राहून करा. निळा मी कमी करणार नाही.