माडीवरचं ‘३९’

नारायण पेठेत रॉक? हसू नका! पत्र्या मारुतीजवळ, मित्राच्या वाड्यातल्या माडीवर आम्ही रविवारी क्वीन वाजवतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नाही हं, ती सगळेच वाजवतात. त्याच १९७५च्या अल्बममधलं ब्रायन मेचं ‘३९’. अंतराळवीर वर्षभराने परततात, तर घरी शंभर वर्षं उलटलेली! मे पुढे २००७मध्ये खगोलभौतिकीत पीएचडी झाला म्हणा. फ्रेडी पाचगणीत शिकला म्हणून आपण कॉलर ताठ करतो, पण या गाण्याची फर्माईश कुणी करत नाही. ड्रम्सचा दणका नाही, त्यामुळे खालच्या काकूंची वामकुक्षी शाबूत.

दिवाळीनंतर वाडा बिल्डरकडे जाणार. परवा काकू जिन्यात येऊन बसल्या. म्हणाल्या, “ते हळू वाजवता ना, तेच परत वाजवा रे.”