हात काय करत होता?

नवा माणूस ऑफिसात आला की आधी पिशवी टेबलावर उपडी करतो. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मेडिकलची बिलं, कंपनीचं ओळखपत्र, कसल्याशा दाखल्याची पुसट झेरॉक्स. मग हात पुढे करतो. मी हात बघते, कागद बाजूला सारते आणि विचारते, "हा हात काय करत होता?" बहुतेक जण गोंधळतात. अपघात कसा झाला ते सांगायची तयारी करून आलेले असतात बिचारे.

भोसरी-चाकण पट्ट्यात मी कामगारांचे अपघाताचे दावे चालवते. गाड्यांचे सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉप इथे गल्लोगल्ली आहेत. पत्रा डायखाली सरकवायचा, पेडल दाबायचं, हात काढायचा, पाळीभर हेच. प्रेसला सेन्सर असतो, पण माल कमी निघायला लागला की तो बंद पडलेला असतो. नक्की कोणी बंद केला ते नंतर कुणालाच आठवत नाही. 'बोट गेलं' एवढंच म्हटलं की या भागात पुढचं कुणी विचारत नाही.

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कारखाना कामगाराला राज्य विमा लागू होतो. सगळे त्याला ईएसआयच म्हणतात. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कापलेला पैसा पगाराच्या स्लिपवर दिसतो, पण त्याच्या बदल्यात अपंगत्वाचा हप्ता आयुष्यभर मिळू शकतो हे ठाऊक असलेला माणूस मला क्वचित भेटतो. ईएसआय म्हणजे दवाखाना, रांग आणि गोळ्या, इतकीच ओळख.

हिशेब तसा सोपा. जखम बरी होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के. पुढे व्यंग कायमचं राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या 90 टक्क्यांतला तेवढा वाटा मरेपर्यंत चालू राहतो. रोज 600 धरले तर 90 टक्क्यांचे झाले 540. अंगठा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के लिहिलेत. म्हणजे रोजचे 162, महिन्याचे 4,860. किती महिने वर्गणी भरली याची अट कामावरच्या अपघाताला नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी हक्क लागू होतो, आणि मालकाने नाव नोंदवलंच नव्हतं म्हणून तो बुडतही नाही.

बुडतो तो पहिल्या दिवशीच्या केसपेपरमुळे. सुपरवायझर गाडीत बसवतानाच सांगतो, "घरी लागलं म्हण, खर्च साहेब करतील." रक्त वाहत असताना माणूस हो म्हणतो. डॉक्टर लिहितात, 'घरी पडून'. ते दोन शब्द खोडायला पुढे मला दोन-दोन वर्षं लागलीत, आणि दरवेळी खोडता आलेले नाहीत. म्हणून पट्ट्यात कुठेही बोलावलं तरी मी तेच सांगते: लागलेल्या माणसाबरोबर दवाखान्यात एक सोबती जाऊ द्या, आणि केसपेपरवर कारखाना, मशीन, वेळ लिहून घ्या. कारखान्याच्या अपघात वहीत नोंद आणि मालकाने ईएसआयकडे पाठवायचा फॉर्म 12, दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता टक्क्यांकडे येते, कारण खरी मारामारी तिथेच आहे. परिशिष्ट वाचलं की खाटकाच्या दरपत्रकासारखं वाटतं. पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7, एका हाताची तीन बोटं 30. तुटलेल्या बोटाचं भांडण लवकर मिटतं. छळतं ते न तुटलेलं बोट. शिवलं, जागेवर आहे, पण वळत नाही. बोर्डापुढे कामगार हात धरतो, पाची बोटं दिसतात आणि आकडा खाली येतो. त्याच परिशिष्टाच्या शेवटी मात्र टीप आहे की अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर तो अवयवच गेला असं धरायचं. ही टीप मी इतक्यांदा दाखवली आहे की माझ्या पुस्तकातलं ते पान आता सुटं झालंय.

पन्नास एक वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराची केस आली होती. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयाने म्हटलं, सुतारकाम एका हाताने होत नाही. तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. 1923 च्या भरपाई कायद्याखालची ती केस, प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबाता. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ता अपघाताच्या निकालातही न्यायालयाने शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान वेगळं मोजायला सांगितलं. सरकारी रुग्णालयातला दिव्यांगत्वाचा दाखला शरीराचे टक्के सांगतो, कमाईचे नाही. तो घेऊन लोक येतात आणि काम झालं असं समजतात.

वर्षाला वीस रुपयांच्या सरकारी सुरक्षा विम्याबद्दलही विचारतात. त्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर लाख रुपये. बोटाला काही नाही.

गेल्या वर्षीचा माझा एक पक्षकार परभणीकडचा, वय तिशीच्या आत. उजव्या हाताची दोन बोटं काठीसारखी ताठ. बोर्डाने दिलेला आकडा ऐकून तो गप्प बसला होता. अपिलाला मुदत तीन महिन्यांची. आम्ही अर्जाला जखमेच्या वर्णनाऐवजी त्याच्या कामाचं वर्णन जोडलं: पातळ पत्रा चिमटीत कसा उचलायचा, डायमध्ये किती बारीक बसवायचा, अडकलेला तुकडा कसा काढायचा. दोन पानं झाली. ती त्यानेच सांगितली, मी नुसती लिहिली. आकडा वाढला. मला हवा होता तेवढा वाढला नाही.

महिन्याभराने त्याचा फोन आला. एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळत होती, पण ती धरली तर हप्ता बंद होईल असं गावाकडे कोणीतरी सांगितलेलं.

"नाही बंद होत," मी म्हटलं. "दुसरं काम करा, पगार घ्या, हा हप्ता चालूच राहतो. फक्त हयातीचा दाखला वेळेवर द्यायचा."

"मॅडम, स्पीकरवर टाकतो," तो म्हणाला. "एकदा बायकोला सांगता का?"