मांघरचा मध आणि कुकरातला केक

महाबळेश्वर म्हटले की लोकांना स्ट्रॉबेरी आणि पॉइंट आठवतात. आम्ही मात्र वाईहून एस.टी.ने पसरणीचा घाट चढलो तो मधासाठी. घरात नातू झाला होता. बाळाच्या जिभेला मध लावायची आमच्या सासूबाईंपासूनची रीत. तेव्हा मध चांगला हवा, म्हणून थेट मांघर गाठले.

सातारा जिल्ह्यातले हे लहानसे गाव मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. गावात घरांच्या आडोशाला लाकडी पेट्या दिसतात. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. आत सातेरी माशी.

एका मावशींनी आम्हाला पेटी उघडून दाखवली. खालच्या चौकटींत माशांची पिल्ले असतात, त्यांना हात लावायचा नाही. वरच्या चौकटी काढून यंत्रात घालायच्या आणि दांडा फिरवायचा. मध उडून भांड्यात पडतो, पोळे शाबूत राहते, तेच परत पेटीत जाते. पोळे जाळून, पिळून मध काढायचा तर पिल्लेही मरतात. पावसाळ्यात फुले कमी, माशांना बाहेरही पडता येत नाही, तेव्हा त्यांना साखरेचे पाणी द्यावे लागते. एवढे कष्ट पाहिल्यावर बाटलीची किंमत जास्त वाटेनाशी झाली.

मी जांभळाचा मध मागितला. नातवासाठी म्हणताच मावशींनी विचारले, “बाळ केवढं?”

“तीन महिन्यांचं.”

“मग नको ताई. वरीस होईस्तोवर मधाचं बोटसुद्धा लावू नका. नर्सबाई आम्हालाच सांगून गेल्यात.”

विकणारीच नको म्हणते, याचे नवल वाटले. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचे आतडे त्यांना दाद देत नाही. तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. बद्धकोष्ठ होते, बाळ मलूल पडते, दूध ओढत नाही, श्वासही अडू शकतो. घरात उकळून किंवा भाजून हे बीजाणू मरत नाहीत. सहा महिने फक्त आईचे दूध, हेच खरे.

बाटली मी घेतलीच, पण मोठ्यांसाठी. त्याच घरी नाचणीच्या गरम भाकरीवर तूप आणि मध खाल्ला होता. ती चव डोक्यात ठेवून घरी केक केला. नाचणीचे पीठ १ वाटी, कणीक १ वाटी, तेल अर्धी वाटी, दही अर्धी वाटी, मध अर्धी वाटी, किसलेला गूळ पाव वाटी, बेकिंग पावडर १ चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा. दूध लागेल तसे, पण बेताने, कारण मधातच पाणी असते. कुकरच्या तळाला मीठ पसरा. पाणी घालू नका. शिट्टी आणि रबर काढून कुकर १० मिनिटे तापवा, मग तेल लावलेला डबा स्टँडवर ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजा. मधामुळे केक लवकर लाल होतो, म्हणून आच वाढवू नका. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाला.

उरलेला मध थंडीत दाणेदार झाला, तर भेसळ समजून फेकू नका. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पातळ होतो.

आजारी भिक्खूंना बुद्धांनी जी पाच औषधे घेऊ दिली, त्यांत तूप, लोणी, तेल, काकवी यांच्यासोबत मधही होता. औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे पाहूनच द्यावे लागते. नातवाचा पहिला वाढदिवस होऊन जाऊ दे. मग त्यालाही आजी केकचा तुकडा देईल.